चित्राखालची तीन नावे : पोलादी छापचित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या इंग्रजी पुस्तकांतून सुटलेली, राखाडी-काळ्या बारीक रेषांची निसर्गचित्रे अनेक घरांत आणि जुन्या बाजारात आढळतात. मूळ चित्र रंगांत, छाप मात्र पोलादाच्या पत्र्यावर कोरून काढलेली. अशा चित्रांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांच्या कपाटात वेरूळच्या लेण्याचे एक छापील चित्र सापडले. खाली बारीक अक्षरांत तीन नावे आहेत. 'कॅप्टन इलियट यांच्या स्केचवरून' असे एका ठिकाणी लागते, बाकीची दोन पुसट आहेत. यातला चित्रकार नक्की कोण? आणि चित्र किती जुने असेल? (नाशिक)

तिघांचाही त्यात हात आहे. रॉबर्ट इलियट हे ब्रिटिश नौदलातले अधिकारी. १८२२ ते १८२४ या काळात त्यांनी भारत, चीनमधले कँटन आणि तांबड्या समुद्राचा किनारा इथे स्केचेस केली. ती लंडनला गेली. तिथे सॅम्युअल प्राउट, क्लार्कसन स्टॅनफिल्ड, विल्यम पर्सर यांसारख्या चित्रकारांनी त्यांवरून नीट रचलेली, छायाप्रकाश भरलेली चित्रे तयार केली आणि तिसऱ्या माणसाने ती पत्र्यावर कोरली. म्हणजे वेरूळ प्रत्यक्ष पाहिले ते पहिल्याने. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने ते कागदावरच पाहिले. म्हणून अशा चित्रातली झाडे, ढग, पुढ्यात बसलेली माणसे पुरावा म्हणून धरू नयेत. खांबांची जाडी आणि उंचीही जागेवरच्या फोटोशी ताडून पाहावी, मगच त्यावर काही लिहावे.

नावांची जागा बहुधा ठरलेली असते. डाव्या कोपऱ्यात चित्रकार, उजव्या कोपऱ्यात कोरणारा, मधोमध किंवा अगदी तळाशी प्रकाशक. लॅटिन शब्दांची तोडलेली रूपे दिसली तर 'डेल' म्हणजे रेखाटले, 'पिंक्स' म्हणजे रंगवले, 'स्कल्प' म्हणजे कोरले.

वयाचे कोडे थोडे अवघड आहे. इलियटची चित्रे लंडनच्या फिशर, सन अँड कंपनीने १८३०पासून सुट्या भागांत काढली आणि १८३३मध्ये 'व्ह्यूज इन द ईस्ट' या नावाने दोन खंडांत बांधली. १८३५च्या सुमारास तीच चित्रे एमा रॉबर्ट्स यांच्या मजकुरासह पुन्हा आली. फिशरच्याच 'ड्रॉइंग रूम स्क्रॅप बुक' या वार्षिकात कंपनीच्या हाताशी असलेले पत्रे पुन्हा वापरले जात आणि लेटिशिया लँडन त्यांवर कविता लिहीत. पत्रा लवकर झिजत नव्हता, त्यामुळे प्रकाशकाला एकच चित्र दहा वर्षे विकता येई. तुमच्या पानावर प्रकाशकाच्या ओळीत साल असेल तर ते पत्र्याचे साल. तुमचा कागद त्यानंतर बराच उशिरा छापलेला असू शकतो. (जाता जाता : या एमा रॉबर्ट्स १८४०च्या सप्टेंबरात पुण्यातच वारल्या.)

प्रश्न : जुन्या बाजारातला विक्रेता प्रत्येक जुन्या चित्राला 'स्टील एनग्रेव्हिंग' म्हणतो. खरे-खोटे घरी कसे ओळखावे? (पुणे)

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि दिवा वरून न लावता बाजूने, कागदाला समांतर पडेल असा धरा. आधी आकाश बघा. पोलादी छापचित्रात आकाश म्हणजे यंत्राने आखल्यासारख्या समांतर रेषा असतात, इतक्या जवळजवळ की नुसत्या डोळ्यांना तो सपाट राखाडी रंगच वाटतो. मग एखाद्या झाडाच्या फांदीवर या. कोरणीने काढलेली रेघ सुरुवातीला टोकदार, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा टोकदार होते. आम्लाने खोदलेल्या रेघेची टोके बोथट राहतात. एकाच चित्रात दोन्ही सापडल्या तर बिचकू नका, तेच अपेक्षित आहे. बाजूच्या उजेडात शाई कागदावर किंचित उचललेली दिसते, कारण ती खाचेतून वर ओढली गेलेली असते.

शाई अगदी सपाट बसली असेल, रेषा मात्र हुबेहूब पोलादी असतील, तर पत्र्यावरचे चित्र लिथोच्या, म्हणजे शिळाछपाईच्या, दगडावर उतरवून छापलेले असू शकते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई आजच्या काळातली आहे, पुढे बघायची गरज नाही.

सर्वांत जास्त गोंधळ 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या पानांबद्दल होतो. हे साप्ताहिक १८४२मध्ये सुरू झाले आणि त्यातली जुनी चित्रे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेली आहेत. लाकडात उंच राहिलेला भाग शाई धरतो, पोलादात खोदलेला भाग. पान उलटून पाहा. मागे बातमीचा मजकूर छापलेला असेल तर ते लाकडी ठोकळ्याचे चित्र समजा. पोलादी चित्राची मागची बाजू जवळजवळ नेहमीच कोरी असते.

डॅनियल काका-पुतण्यांची 'ओरिएंटल सीनरी' (१७९५ ते १८०८) किंवा ग्रिंडलेची पश्चिम भारताची चित्रे (१८२६ ते १८३०) यांना कुणी पोलादी म्हणाले तर सरळ नाही म्हणा. ती ॲक्वाटिंट आहेत, म्हणजे पत्र्यावर राळेचे बारीक कण बसवून आम्लाने छटा काढलेली. भिंगाखाली रेषांऐवजी बारीक भेगांचे जाळे दिसते, वाळलेल्या तळ्याच्या तळासारखे. पुतण्या विल्यम डॅनियलची चित्रे पुढे १८३४पासूनच्या 'ओरिएंटल ॲन्युअल'मध्ये कोरीवचित्रे म्हणून आली, म्हणून नावावरून नव्हे तर रेघेवरून ठरवा.

तांबे की पोलाद, हा भेद खरोखर नाजूक आहे. तांब्यावरची रेघ थोडी रुंद आणि उबदार, पोलादावरची बारीक, चकचकीत आणि थोडी थंड. १८२०च्या आधीचे पुस्तक असेल तर तांबेच धरा. १८५७च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली. त्यानंतरच्या छापांत निव्वळ बघून निवाडा करणे धाडसाचे ठरेल.

आणि कडेला पत्र्याचा दाबलेला चौकोन नाही म्हणून चित्र बाद करू नका. पुस्तकासाठीचा पत्रा चित्राहून बराच मोठा असे, आणि बांधणीत कागद कापताना तो ठसा निघून जाई.

प्रश्न : रंगीत चित्राच्या रेषा होतात कशा? पोलादासारख्या कठीण धातूवर इतके बारीक काम कसे जमत असे? मी मुद्रणकलेचा विद्यार्थी आहे, कृती सांगितली तर बरे. (कोल्हापूर)

आधी पोलाद. जेकब पर्किन्स या अमेरिकनाने नोटांच्या कोरीवकामासाठी युक्ती काढली : पत्रा लोखंडाच्या किसात पुरून बंद पेटीत तापवायचा, म्हणजे पृष्ठभागातला कार्बन कमी होऊन तो मऊ पडतो. १८१९मध्ये ते लंडनला आले. नोटांचे पत्रे कोरून झाल्यावर पुन्हा कडक करत. पुस्तकांच्या चित्रांसाठी मऊ पोलादच पुरे, असे चार्ल्स वॉरन यांनी १८२३च्या आधीच दाखवून दिले. मऊ म्हणजे तांब्याच्या तुलनेत कठीणच. तांब्यावरच्या बारीक रेषा काहीशे छापांत थकू लागतात, पोलादावरच्या हजारो छाप सोसतात. पर्किन्स यांच्याच कंपनीने १८४०मध्ये पोलादी ठशांवरून पेनी ब्लॅक हे पहिले टपाल तिकीट छापले.

आता कृती. चित्र पत्र्याच्या मापाला आणून पारदर्शक जिलेटिनच्या तावावर सुईने गिरवतात, ओरखड्यांत लाल खडूची पूड भरतात. पत्रा कोमट करून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ लेप देतात आणि मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करतात. ताव उलटा ठेवून दाबला की लाल रेषा लेपावर उमटतात, उलट्या. त्यामुळे कोरणारा मूळ चित्र आरशात पाहत काम करतो.

मग सुईने लेप खरवडून झाडे, खडक, घरे काढायची. आकाश आणि शांत पाणी आखणीयंत्राने. त्याला हिऱ्याचे टोक असते आणि स्क्रूच्या फिरवणीवर दोन रेषांमधले अंतर ठरते. एका मिलिमीटरात चार-पाच रेषा बसवायच्या तर हाताच्या भरवशावर जमत नाही. हे यंत्र विल्सन लाउरी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बनवले होते. पोलादावर त्याचा खरा उपयोग झाला.

पुढचा टप्पा आम्लाचा, आणि सगळे नुकसान तिथेच होते. पत्र्याच्या कडेने मेणाची भिंत करून आम्ल ओततात. नुसते नायट्रिक आम्ल पोलादाला फार वेगाने आणि वेडेवाकडे खाते, रेघेच्या कडा करवतीसारख्या होतात. एडमंड टरेल यांचे मिश्रण म्हणून इंग्लंडमध्ये चालले : लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे तीव्र कच्चे ॲसेटिक आम्ल चार भाग, अल्कोहोल एक भाग, आणि मग नायट्रिक आम्ल एक भाग. हे इतिहास म्हणून वाचा, करून पाहू नका. अल्कोहोल आणि नायट्रिक एकत्र आले की विषारी धूर निघतो, मिश्रण भडकूही शकते. कार्यशाळेत मऊ पोलादासाठी मोरचूद आणि मिठाचे द्रावण वापरा, तेही हातमोजे घालून, खिडकीजवळ.

टरेलच्या मिश्रणात वेळ एक मिनिटापासून पंधरा मिनिटांपर्यंत. एका मिनिटात दूरच्या डोंगररांगा पुरेशा खोदल्या जातात. आम्ल काढून टाकून, धुऊन, पत्रा लगेच कोरडा करायचा, नाहीतर गंज चढतो आणि तो गंजच पुढे छापात ठिपके होऊन येतो. दूरच्या डोंगरांवर कुंचल्याने व्हार्निश लावून ते झाकायचे, पुन्हा आम्ल, आता मधले पठार. असे करत शेवटी पुढ्यातल्या झाडाचे खोड राहते, त्याला पूर्ण वेळ मिळतो. छापलेल्या चित्रात जे अंतर वाटते ते असे मिनिटांत मोजलेले असते.

नंतर कोरणी. आम्लाने घातलेल्या सांगाड्यात कोरणी हलक्या छटा भरते : रेघा छेदून झालेल्या शंकरपाळ्याच्या आकारात एकेक ठिपका, ढगाच्या कडेला विरत जाणारी रेघ. चूक झाली तर तांब्यात मागून ठोकून पृष्ठभाग वर आणता येतो. पोलादात ते काम जिवावर येते. म्हणून लेपात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहून आम्ल नको तिथे शिरले, तर तो डाग बहुधा झुडपात किंवा दगडात रूपांतरित केला जाई. जुन्या छापांत आकाशाच्या खालच्या कडेला विनाकारण उडणारा पक्षी दिसला, तर भिंग लावून बघा.

छपाईला पत्रा कोमट, शाई म्हणजे काजळी रंग आणि आटवलेले जवसाचे तेल. कापडाने पुसायचे, मग मलमलीने, शेवटी खडूची पूड लावलेल्या तळहाताने. कागद ओलसर, वर लोकरी पट्टे, आणि दोन रुळांमधून दाब. कागद कोरडा पडला तर आकाशाच्या रेषा तुटक येतात. पुसणे जास्त झाले तर सगळे चित्र पांढुरके. एकाच पत्र्याच्या दोन छापांत दिसणारा फरक पुष्कळदा पत्र्याच्या झिजेचा नसून छपाई करणाऱ्याच्या तळहाताचा असतो.

प्रश्न : टर्नरच्या चित्रांवरून केलेली छापचित्रे टर्नरची म्हणावीत का? कोरणाऱ्यांना कुणी ओळखत का नाही? (ठाणे)

इंग्रज निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर कोरणाऱ्यांच्या मानगुटीवर बसून काम करून घेई. कच्चा छाप आला की त्यावर खडूने उजेड वाढवायचा, चाकूने खरवडून पांढरे काढायचे, समासात सूचना लिहायच्या आणि परत पाठवायचा. असे दुरुस्त केलेले छाप लंडनच्या संग्रहालयांत आहेत, आणि ते पाहिले की काम दोघांचे होते हे मान्य करावे लागते. एडवर्ड गुडॉल, विल्यम मिलर, रॉबर्ट वॉलिस, जे. टी. विलमोर ही त्यातली मोठी नावे. सॅम्युअल रॉजर्स यांच्या 'इटली' या १८३०च्या पुस्तकातली टर्नरची छोटी, चौकट नसलेली, कागदात विरून जाणारी चित्रे बघा. पोलादी कोरीवकामाचा याहून नाजूक नमुना आमच्या मते दुसरा नाही.

कोरणारे कधी मत देत, कधी सुधारणाही करत. टर्नरच्या 'फायटिंग टेमेरेर' या १८३९मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रात ओढबोटीचे धुराडे पुढे आणि डोलकाठी मागे आहे. प्रत्यक्ष बोटींत उलट असे. विलमोरने १८४५च्या छापचित्रात तो क्रम 'बरोबर' केला. बोट बरोबर झाली. पण काळा धूर आधी आणि काठी मागे, ही टर्नरने साधलेली मांडणी गेली.

एक गैरसमज मात्र दूर करू. 'पिक्चरेस्क व्ह्यूज इन इंग्लंड अँड वेल्स' (१८२७ ते १८३८, ९६ चित्रे) पोलादी नाहीत, तांब्यावरची आहेत. उपक्रम तोट्यात गेला आणि १८३९मध्ये टर्नरने पत्रे आणि शिल्लक छाप तीन हजार पौंडांना स्वतःच विकत घेतले, म्हणजे झिजलेल्या पत्र्यांवरून कुणी स्वस्त छाप काढू नयेत.

ओळख न मिळण्याचे एक कारण अगदी कागदोपत्री आहे. लंडनच्या रॉयल अकादमीत कोरणाऱ्यांना फक्त सहयोगी म्हणून घेत. पूर्ण सभासदत्व मिळालेला पहिला कोरणारा सॅम्युअल कझिन्स, तोही १८५५मध्ये. तोवर पोलादाचा बहर ओसरायला लागला होता.

आपल्याकडच्यांसाठी एक भर : फिशरने १८३६-३७मध्ये काढलेल्या, लेफ्टनंट जॉर्ज फ्रान्सिस व्हाइट यांच्या हिमालयातल्या स्केचेसच्या पुस्तकात काही चित्रे टर्नरने रंगवून दिली आहेत. टर्नर भारतात कधीच आला नाही.

प्रश्न : माझ्याकडचे चित्र रंगीत आहे. रंग मूळचा का? (इंदूर)

बहुधा नाही. पोलादी निसर्गचित्रे जवळजवळ सगळी काळ्या शाईत निघाली. रंग पुढे विक्रेत्यांनी हाताने भरले आहेत. मागून पाहा : जुना रंग कागदात मुरून मागे हलका उमटतो, नवा वरच बसतो आणि आकाश गुलाबी-निळे, फारच गोड दिसते. रंगामुळे किंमत वाढत नाही.

प्रश्न : इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात हडसन नदीचे चित्र घेतले, खाली बार्टलेट असे नाव आहे. दीडशेहून जास्त वर्षे जुने असून इतके स्वस्त कसे? (न्यू जर्सी)

विल्यम हेन्री बार्टलेट, १८०९ ते १८५४. तुमचे चित्र बहुधा 'अमेरिकन सीनरी'तले आहे : मजकूर नॅथॅनियल विलिस यांचा, प्रकाशक लंडनचे जॉर्ज व्हर्च्यू, १८४०. त्यात शंभराहून अधिक चित्रे आहेत. बार्टलेट छापाच्या मापाच्या जवळपास एकरंगी रेखाटन करत, त्यामुळे कोरणाऱ्याला लहान करण्याचे कष्ट पडत नसत. डोंगर जरा उंच करण्याची त्यांना खोड होती, जागेवर जाऊन बघाल तर कळेल. पूर्वेकडच्या प्रवासातून परतताना जहाजावरच ते वारले.

स्वस्त कारण भरपूर आहेत. हजारो प्रती छापल्या गेल्या आणि पुढे विक्रेत्यांनी पुस्तके फोडून पाने सुटी विकली. चांगल्या किमतीची ती मोजकीच : मोठ्या मापाची, अक्षरे कोरण्यापूर्वीची, किंवा चित्रकाराच्या हाताच्या खुणा असलेली. तुम्ही पैसे लावलेच तर पूर्ण समासाच्या आणि डाग नसलेल्या प्रतीवर लावा.

प्रश्न : कोकणातल्या घरी चौकटीतल्या चित्रावर तपकिरी ठिपके पडलेत आणि कडेला पिवळी पट्टी आली आहे. काय करावे? (रत्नागिरी)

पिवळी पट्टी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, आम्लामुळे, तपकिरी ठिपके ओलाव्यामुळे आणि कागदातल्या लोखंडाच्या कणांमुळे. लिंबू, ब्लीच, ऊन यांपैकी काहीही लावू नका. ठिपका जातो आणि वर्षभराने कागदही जातो. आधी चौकट उघडा. मागे प्लायवूड किंवा पुठ्ठा असेल तर तो फेकून द्या. सेलोटेप असेल तर स्वतः ओढू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मुंबईतल्या कलासंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी दाखवा. मऊ ब्रशने धूळ मात्र झटकायला हरकत नाही.

पुन्हा बसवताना माउंट शंभर टक्के सुती किंवा आम्लरहित पुठ्ठ्याचा, निदान दोन मिलिमीटर जाड, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. काच टेकली की पावसाळ्यात शाई तिला चिकटते. चित्र चारही बाजूंनी डकवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या पुरतात, खाली मोकळे सोडा, कारण कागद हवेप्रमाणे फुगतो आणि आखडतो. खळ शुद्ध गव्हाच्या स्टार्चची, एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत वीस-पंचवीस मिनिटे, पारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर गाळून घ्या. कुरडयांसाठी काढलेला चीक इथे चालेल असे वाटते, पण तो आंबलेला असतो आणि त्याचे आम्ल कागदाला नको.

भिंत बाहेरची नको. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्धा सेंटिमीटर जाड तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल. जून ते सप्टेंबर चित्र उतरवून आम्लरहित कागदात, कोरड्या कपाटात ठेवले तर सर्वांत बरे. कसर लागली असेल तर चित्र चौकटीबाहेर काढून, पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव धरते.

प्रश्न : चित्राखाली 'इंडिया प्रूफ' लिहिले आहे. भारतात छापलेले असेल का? (नागपूर)

नाही. 'इंडिया पेपर' हा चीनमधून येणारा पातळ, मऊ, पिवळसर कागद. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामुळे त्याला ते नाव चिकटले. छापताना तो जाड कागदावर डकवत, बारीक रेषा त्यावर अधिक स्वच्छ उतरतात. म्हणून सुरुवातीचे निवडक छाप त्यावर काढत. तिरप्या उजेडात बघाल तर चित्राभोवती त्या पातळ कागदाची कड दिसेल. असे चित्र पाण्यात कधी घालू नका, दोन्ही कागद सुटे होतात.